थंडीत तो खात नाही

—नाही, तो डबा नका काढू. बाकी सगळं काढा, ट्रे काढा, बाटल्या काढा, तो खालचा झाकणाचा डबा तेवढा राहू द्या तिथंच. काढायलाच लागेल? मग थांबा, मी काढतो, तुम्ही हात लावू नका, दचकाल. मागे तो गॅसवाला आला होता, पाणी मागितलं त्यानं, मी म्हटलं घ्या फ्रिजमधून, तर त्यानं नेमका हाच डबा उघडला — सिलिंडर दारातच टाकून गेला बिचारा, जोडलासुद्धा नाही. हं. बघा. हळू, सांडेल. हलतोय ना? जिवंत आहे, जिवंत. पाल नाही हो! पाल म्हणू नका, हिला फार राग यायचा कुणी पाल म्हटलं की. हिला म्हणजे आमच्या हिला, बायकोला. आता नाहीये ती. तुम्ही तुमचं काम करा, मी डबा मांडीवर घेऊन इथं स्टुलावर बसतो, मला सवय आहे.

अ‍ॅक्सोलॉटल म्हणतात त्याला. म्हणून बघा एकदा — नाही येत ना? मलाही यायचं नाही. मासा म्हणावा तर चार पाय, बेडूक म्हणावा तर शेपटी, आणि मानेशी ही लाल झालर आहे ना, ते त्याचे कल्ले, आतलं सामान बाहेर टांगून हिंडतो. ही म्हणायची, दिवसअखेर देवाकडं जे उरलंसुरलं असेल ना, ते वाया जाऊ नये म्हणून हा केला. आणि मोठा होत नाही. म्हणजे अंगानं होतो, वीतभर झालाय बघा, पण जन्मभर पोरच राहतो, बेडकाचं पिल्लू कसं पाण्यात असतं, तसं, याला पाण्याबाहेर यायचंच नाही कधी. हसतोय असं वाटतं ना? नाही हसत. तोंडच तसं आहे. भूक लागली तरी तसंच, आजारी पडला तरी तसंच. एका अर्थी सोय आहे — चेहरा का पडलाय म्हणून कुणी विचारत नाही त्याला. मला विचारायचे लोक सुरुवातीला. आता नाही विचारत.

मुलीचा आहे. एकच मुलगी आम्हाला. ती नोकरीला गेली, लांब, विमानानं जावं लागतं, तेव्हा काचेच्या टाकीसकट आणून ठेवला — ‘आई, चार दिवस सांभाळ, घर मिळालं की नेते.’ घर मिळालं, ते सोडून दुसरं मिळालं, कुठंच प्राणी चालत नाहीत म्हणे. मी हिला म्हणायचो, एक दिवस पाहुणा, दुसऱ्या दिवशी पई, तिसऱ्या दिवशी राही त्याची अक्कल जाई — तर ही म्हणायची, त्याला कुठली अक्कल, तुमच्यासारखाच आहे तो, एका जागी बसतो आणि तोंडासमोर आलं की खातो. तेव्हापासून पाहुणा हेच नाव पडलं. ‘पाहुण्यांचं झालं का?’ ‘पाहुणे आज रुसलेत.’ दिवसभर चालायचं तिचं. मी ढुंकून बघायचो नाही त्या टाकीकडं, खोटं कशाला बोलू. समोरच बसायचो, पेपर वाचत. पण बघायचो नाही.

तर तेवढं जमवा भाऊ, फ्रिज आज चालू झालाच पाहिजे. मुलगी येणार आहे रविवारी. म्हणजे — यानं खाल्लं नाही तर येणार आहे. रजेचं बोलून ठेवलंय तिनं, तिकीट काढायचं की नाही ते उद्या सकाळी ठरवणार. बघवत नाही तिला, इतके दिवस तो उपाशी म्हणजे. तोवर हा गार राहिला पाहिजे. हो, गारच लागतं त्याला, कोमट पाण्यात नाही टिकत. तशी टाकी आहे की, ती काय समोरच्या खोलीत. भरलेली आहे, हो. पाणीही तयार आहे त्यात. हो, पंखा लावून गार ठेवता येतं टाकीचंही. ते झालं हो, पण सध्या फ्रिजच बरा. आजारी माणसाला आपण दवाखान्यात ठेवतो ना, तसं समजा. आजारीच म्हणायचं त्याला, खात नाही म्हणजे.

अहो नको नको, नळाचं पाणी नका घालू त्यात! — माफ करा. ओरडलो. तुम्ही चांगल्या मनानंच निघाला होता, कोमट झालंय खरं पाणी. पण नळाचं चालत नाही. आणि मला सांगा, ही गोष्ट मला कळायला हवी होती की नको? मी पाणीखात्यात होतो. जलशुद्धीकरण केंद्रात. नोकरी लागल्यापासून निवृत्त होईपर्यंत एकच काम, पाण्यात क्लोरीन किती सोडायचा ते बघायचं. सकाळी तुम्ही नळ सोडलात की जरासा वास येतो ना, तो माझा. लोक नाकं मुरडायचे, मी म्हणायचो, वास येतोय म्हणून तर जिवंत आहात. आणि इथं घरात, बाथरूमच्या दाराआड, कायम एक बादली भरलेली. उघडी. मला शिळं पाणी खपत नाही, दिसली की ओतून द्यायचो. ही हूं की चूं करायची नाही, पुन्हा भरायची, दुसरीकडं ठेवायची — बाल्कनीत, कपड्याच्या मशीनमागं, पलंगाखालीसुद्धा सापडली एकदा. मला वाटायचं, वय झालं, लागतं माणसाला एकेक खूळ.

मग ती गेली. माणसं आली, बसली, गेली. मुलगी होती थोडे दिवस, तीही परत गेली, नोकरी आहे. जाताना याच्या खाण्याची पुडी दाखवून गेली, त्यातलं चिमूटभर मी न बघताच टाकायचो रोज. आणि मी एक दिवस इथं बसलो होतो आणि पहिल्यांदा त्या टाकीकडं नीट बघितलं. पाणी पिवळट झालं होतं. म्हटलं, बाकीचं काही जमत नाही आपल्याला, गॅस पेटवता येतो तेवढाच, पण पाणी कळतं. सगळं उपसलं. टाकी घासली, खालचे खडे घासले, लख्ख केलं, आणि थेट नळाची नळी सोडली. ताजं पाणी! वास येत होता जरासा, मला बरं वाटलं त्या वासानं. बऱ्याच दिवसांनी काहीतरी नीट झाल्यासारखं.

दुसऱ्या दिवसापासून यानं खाणं सोडलं. ही झालर सगळी पुढं वळली, टोकं पांढरी पडली. भाजला होता तो. करायला गेलो एक आणि झालं भलतंच — अख्ख्या गावाला जन्मभर जे पाजलं, ते याला विष. दिवसभर बादलीत उघडं ठेवलं की क्लोरीन उडून जातो, हे मला माहीत नाही? मला नाही तर कुणाला माहीत असणार! पण ती बादली त्याच्यासाठी आहे, हे नाही आलं कधी डोक्यात. आणि हिनं सांगितलं नाही. मुलगीच म्हणाली नंतर, ‘आई म्हणायची, बाबांना सांगू नको, तुमच्या पाण्यानं मरतो म्हटलं तर त्यांना लागेल.’ बघा. इतकी वर्षं बादली लपवत हिंडली घरभर. मी ऐकून घेतलं, बरं म्हटलं. तिथं मला काहीतरी वाटायला हवं होतं, ते कळत होतं मला. पण नाही वाटलं.

दवाखान्यातही तसंच. ऑक्सिजन लावला होता हिला, तिथं भिंतीला पाण्याची एक बाटली असते, तिच्यात बुडबुडे येत राहतात, बघितलीये का तुम्ही? मी त्या बुडबुड्यांकडं बघत बसलेलो. नर्सला विचारलं, यात साधं पाणी भरता की डिस्टिल्ड? ती बाई बघतच राहिली माझ्याकडं. मग त्यांनी नळी काढली, बुडबुडे थांबले, तरी मी बाटलीकडंच बघत होतो, म्हटलं पाणी आहे अजून अर्ध्याच्या वर. मुलगी माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडत होती. मी नाही रडलो. अजून नाही. येतच नाही हो आतून काही, कुठंतरी व्हॉल्व बंद करून चावी कुणी घेऊन गेल्यासारखं. — तो मागचा कॉम्प्रेसर बघितलात का? हात भाजतो म्हणता? भाजणारच, थांबतच नव्हता तो काही दिवस, घरघर घरघर, रात्री झोपेतसुद्धा ऐकू यायची. तेवढीच सोबत म्हणा.

कधीपासून खात नाही ते विचारत होतात ना तुम्ही. सांगतो. म्हणजे काय झालं, हिचं आणि मुलीचं रोज बोलणं व्हायचं फोनवर. तास तास. मला आतल्या खोलीतून नुसतं हसणं ऐकू यायचं. मला निरोप यायचे — बाबांना सांग गोळी घ्या, बाबांना सांग थंडी आहे, स्वेटर घाला. ही गेल्यावर तो फोन माझ्याकडं आला, आणि आम्ही बोलणार काय? ‘बाबा, ठीक?’ ‘ठीक.’ ‘जेवलात?’ ‘जेवलो.’ ‘ठेवू?’ ‘ठेव.’ झालं. पोरगी तरी काय करणार, समोरून माणूस एकेक शब्द टाकतोय. रोजचा फोन एक दिवसाआड झाला, मग आठवड्यानं. मग एकदा ती ठेवता ठेवता म्हणाली, ‘पाहुणा कसाय?’ आणि मी म्हटलं, ‘खात नाहीये.’

आवाजच बदलला हो तिचा! ‘खात नाहीये म्हणजे? कधीपासून? पाणी कुठलं घातलंत? बाबा, फोन त्याच्यासमोर धरा, मला बघू द्या.’ बादलीचं कळलं ते तेव्हाच. मग बर्फाची बाटली टाकीत सोडा, मग पाणी अर्धंच बदला, मग गांडूळ. ते त्या डबीत आहेत बघा, ओल्या मातीत, ती डबी बाहेर ठेवलीत तरी चालेल. ‘गांडूळ चिमट्यात धरा बाबा. तोंडासमोर नाही, जरा बाजूला. हळूच हलवा, त्याला नीट दिसत नाही, पाणी हललं की कळतं त्याला.’ मी एका हातात चिमटा आणि मोबाइल मानेत दाबून, अर्धा अर्धा तास उभा. ‘हलवताय ना?’ ‘हलवतोय.’ ‘तसं नाही, आईसारखं हलवा.’ आता आई कसं हलवायची ते मी कुठं बघितलंय! पेपर वाचत होतो ना मी. मग तिनं सांगितलं, आई कशी उभी राहायची, कशी कमरेवर हात ठेवायची, ‘घ्या राजे, आणखी किती आर्जवं करू’ म्हणायची. हिच्या सगळ्या गोष्टी मला मुलीकडून कळल्या, त्या टाकीपुढं उभं राहून. सांगता सांगता एकदा हसली ती. मला वाटलं, आतल्या खोलीतूनच येतंय. मी वळून बघितलं.

काय? हो, रिकामाच आहे फ्रिज. तुमच्या दृष्टीनं बरं, काढायला काही नाही. ते लोणी जुनं आहे, टाकून द्या. त्या वाटीत काय आहे मलाही आठवत नाही, तीही टाका. मी काय खातो? माझं होतं हो काहीतरी. बिस्किटं असतात. चहा असतो, दूध संपलं की कोरा. एका माणसाला लागतं किती? बसलं की भूक मरते, आणि एकदा मेली की आठवणही येत नाही. तुम्ही त्या आतल्या दिव्याचं बघा ना, तो लुकलुकतोय.

तर खडा. मुलीनं तिकडं एक प्राण्यांचा डॉक्टर गाठला, त्याला फोटो दाखवले, तो म्हणाला, पोट फुगलंय, खडा गिळला असणार. टाकीतलाच, मी घासून लख्ख केलेल्यांपैकी! थोडे दिवस फ्रिजमध्ये ठेवा म्हणाला, डब्यात, रोज बादलीत उघडं मुरवलेलं गार पाणी बदला, थंडीत शरीर सावकाश चालतं, खडा हळूहळू बाहेर पडेल. म्हणून हा डबा. मला आधी पटेना, पण पडला की हो खडा! वाटाण्याएवढा. तळहातावर घेऊन फोटो काढला, पाठवला. मुलीनं ऑफिसात सगळ्यांना दाखवला म्हणे तो फोटो. मग डबा बाहेर ठेवून ठेवून पाणी जरा निवू दिलं — निवू नाही, उलटं, चढू दिलं — टाकीत सोडलं, आणि त्या संध्याकाळी चिमटा हलवतोय तर चप्प! गिळलं. दुसरं दिलं, तेही गिळलं. मी ओरडलो इथं एकटाच. फोन केला, ‘खाल्लं!’ ‘खाल्लं?’ रडायलाच लागली पोरगी. ‘बाबा, तुम्ही वाचवलंत त्याला. आज किती दिवसांनी झोप लागेल मला. ठेवते हं.’ आणि ठेवला.

दुसऱ्या दिवशी फोन नाही. — नाही, नाही, तिचं काही चुकलं असं नाही म्हणत मी. तिला कामं असतात. खाल्लं म्हटल्यावर फोन कशाला करायचा? मीही नसता केला. पुढच्या दिवशीही नाही. मग मीच लावला. ‘ठीक?’ ‘ठीक बाबा, मीटिंगमध्ये आहे. पाहुणा?’ ‘खातोय.’ ‘ग्रेट. ठेवू?’ ठेव म्हटलं. ती टाकी आहे ना, तिच्यासमोर खुर्ची ओढून बसलो मग. तो एका जागी, मी एका जागी. — तर, पुढं परत सोडलं त्यानं खाणं. होतं असं, नाजूक जात आहे. परत सोडलं, म्हणून परत डब्यात. एवढंच आहे ते.

काय म्हणालात? कुठलं बटण? हां, ते. सातवर आहे का. असेल. म्हणून बर्फ धरला म्हणता — वरती डोंगर झालाय बर्फाचा, तो हवेची वाटच अडवून बसलाय, म्हणून खाली गार येत नाही? म्हणजे गारठा वाढवला म्हणून फ्रिज गरम झाला! अति तिथं माती म्हणतात ते हेच. दारही सारखं उघडत असणार कुणीतरी, बरोबर. उघडतो मी. दिवा लागतो ना आत, तो दिसतो, हललेला दिसतो, मग लावतो दार. कुणी फिरवलं म्हणजे काय, घरात आहे कोण? मीच. डॉक्टरनं? नाही, डॉक्टरनं सातवर नव्हतं सांगितलं. तीनवर सांगितलं होतं.

असं बघू नका हो. मी खोटं बोलत नाही. एकदाच बोललो. फोन लावला आणि म्हटलं, ‘खात नाहीये गं परत’, आणि ते म्हणत होतो तेव्हा हा टाकीत गांडूळ गिळत होता, अर्धं तोंडाबाहेर लोंबत होतं. संध्याकाळी तिचा फोन आला. दुसऱ्या दिवशी सकाळी आला, संध्याकाळीही आला. पण मला टोचायला लागलं ते. नोकरीत एवढी वर्षं काढली, एक रीडिंग कधी चुकीचं लिहिलं नाही मी, वरचे साहेब सांगायचे तरी नाही. म्हणून मग डब्यात घातला. थंडीत तो खात नाही, हे मला खड्याच्या वेळी कळलं होतं ना. तीनवर एखादं घ्यायचा. पाचवर तोंडात धरायचा आणि सोडून द्यायचा. सातवर वळूनही बघत नाही. मग सांगा, मी फोनवर जे सांगतो ते खरंच झालं की नाही? ‘खाल्लं का बाबा?’ ‘नाही गं.’ मी रोज गांडूळ चिमट्यात धरतो, बाजूला धरतो, हिच्यासारखं हलवतो, आणि तो खात नाही. यात खोटं काय आहे?

मरेल? — हं. अशक्त झालाय. ही शेपटी बघा, कशी पातळ झालीये, आधी जाड होती बुडाशी. दिसतं मला, आंधळा नाही मी. रविवारपर्यंतच हो फक्त. ती आली असती, तिच्यासमोर टाकीत सोडला असता, तिच्या हातचं खाल्लं असतं त्यानं. तिलाही वाटलं असतं, माझ्या हातचं खाल्लं. मग राहिली असती दोन दिवस, आतल्या खोलीत झोपली असती. रजा दोनच दिवसांची आहे तिची, जास्त नाही मागत मी. तुम्हाला मुलं आहेत का? — राहू द्या, नका सांगू.

वाईट वाटतंय का? काय सांगू तुम्हाला. वाटायला हवं, हे कळतंय. मुक्या जीवाला उपाशी ठेवतोय, तेही गंजलेल्या हट्टापायी, हे दुसऱ्या कुणी केलं असतं तर मी त्याला जोड्यानं मारला असता. पण आत हात घालून बघतो तर काही लागत नाही हाताला. बर्फच. तुमचा तो तरी स्क्रूड्रायव्हरनं निघतोय.

काल दुपारपासून पाणी कोमट व्हायला लागलं. सकाळी झाकण काढलं तर हा वर आला. तोंड उघडायचा, मिटायचा. रिकामंच. आत्ताही बघा — हे बोट नेलं की बोटामागं येतो. सकाळपासून चारदा ती गांडुळांची डबी हातात घेतली आणि ठेवून दिली. म्हटलं फ्रिज चालू झाला की परत शांत होईल. द्या म्हणता? तुम्हाला काय जातंय हो म्हणायला, तुमचं काम फ्रिजचं. उद्या सकाळी विचारणार ती. अहो, नका उघडू ती डबी, तुम्हाला नाही जमायचं ते, असं तोंडात कोंबायचं नसतं! बाजूला धरायचं. इकडं द्या. द्या म्हणतो ना. तो चिमटा द्या तिथला. — हं. असं. हळू हलवायचं. घ्या राजे. घ्या. आणखी किती आर्जवं—

गिळलं.

बघितलंत? अख्खं. थांबा, आणखी मागतोय. हं. हेही गेलं. — भुकेला होता. खूप भुकेला होता हो. — आता पंचाईत. तुम्ही बघितलंत. मी एकटा असतो तर ‘नाही खाल्लं’ म्हणता आलं असतं मला.

वाजतोय ना? तिचाच असणार, आता जेवायच्या सुट्टीतही करते. हात ओले आहेत माझे, तिथं ओट्यावर आहे बघा, जरा ते हिरवं दाबा आणि द्या. डबा धरा हा. दोन्ही हातांनी.

हॅलो. — हां, बोल. — आलाय, मेकॅनिक आलाय, इथंच आहे, बर्फ काढतोय. — होईल म्हणतो. — — खाल्लं. — हो गं, खाल्लं. आत्ताच, दोन. यांच्यासमोरच खाल्लं, विचार हवं तर. — नाही, खरंच. — रडू नकोस. — हो, आता टाकीतच सोडतो, आत्ताच सोडतो. — नाही, मग तिकीट कशाला काढतेस, रजा वाया जाईल. — हो. — हो, लक्ष देतो. — हं. ठेव.

थांब. ठेवू नकोस. — नाही, त्याचं नाही, तो ठीक आहे, त्यानं खाल्लं. — मी. — मी नाही जेवलो. — — आज असं नाही गं. — रोज जेवलो म्हणायचो, हो. — कधीपासून ते नाही सांगता येत. नीट असं, पानावर बसून — आई होती तेव्हा. — — हॅलो? — ऐकू येतंय ना तुला? — हं. मला पण येतंय. — तू बोल. मी ऐकतो.

भाऊ, तुम्ही निघा आता. राहिलेला बर्फ वितळेल आपोआप, मी पुसून घेतो. डबा तिथं टाकीजवळ ठेवा, आणि जाताना दार ओढून घ्या फक्त.